मागच्या भिंतीवरचा फळा

मित्रांनो, मी जुना आहे, लाकडी आहे आणि खरं सांगायचं तर थोडा मानीही आहे. मंगरूळपीरच्या एका कॉलेजात, गणिताच्या वर्गात, मागच्या भिंतीवर मी लटकलेला असतो. हो, मागच्याच! फळा पुढच्या भिंतीवर असतो, हे मलाही ठाऊक आहे. माझं निम्मं आयुष्य तिथंच गेलं. पण ज्या दिवसांचा मला सगळ्यांत जास्त अभिमान वाटतो, ते दिवस माझ्या वाट्याला मागच्या भिंतीवर आल्यावर आले. ते कसे आले, ते ऐका.

मला घडवलं गणेश मिस्त्रींनी. त्यांनी सागवानाच्या पाट्या रंधा मारून गुळगुळीत केल्या, एकमेकींना जोडल्या आणि मागून पट्ट्या ठोकल्या. त्यांतल्या एका पाटीला उजव्या खालच्या कोपऱ्याशी एक गाठ होती. कॉलेजकडून फळा न्यायला आलेल्या माणसाला ती खटकली. मिस्त्री म्हणाले, "राहू द्या हो. लाकडाले गाठ असतेच. लिहिनाऱ्यानं तेवढी जागा सोडून लिहाव." माणसाने मान डोलावली. मग माझ्यावर काळ्या रंगाचे हात चढले आणि मी बैलगाडीतून नव्हे, चक्क जीपच्या टपावर बसून कॉलेजात आलो. त्या जीपमधले लोक खाली बसले होते आणि मी वर. तेव्हापासून मान ताठ ठेवायची सवय लागली ती लागलीच.

पुढच्या भिंतीवर मला मारोतराव सर भेटले. पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि बोटांना कायम खडूची पूड. गणित शिकवायला ते उभे राहिले, की वर्गात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. सर डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करायचे आणि उजवीकडे खाली येता येता सिद्धता पूर्ण करायचे. गाठ मात्र नेमकी टाळायचे. परगावचे प्राध्यापक यायचे, माझ्यावरचं अक्षर बघून म्हणायचे, "वा! काय सुरेख फळा आहे." कौतुक अक्षराचं असायचं, पण मी माझा वाटा काढून घ्यायचो.

आता एक गुपित सांगतो. फळ्याला वर्ग दिसतो, असं तुम्हाला वाटत असेल. पण फळ्याला सगळ्यांत आधी दिसतं ते शिकवणाऱ्याचं तोंड, तेही अगदी हातभर अंतरावरून. मारोतराव सरही कधी कधी अडायचे. खडू हवेत थांबायचा, ओठ पुटपुटायचे, कपाळावर आठी यायची. मग डोळे चमकायचे आणि खडू पुन्हा धावू लागायचा. मुलांना दिसायची फक्त सरांची पाठ. पाठीला काही आठ्या पडत नाहीत. त्यामुळे सरांना कधी अडतच नाही, अशी सगळ्या वर्गाची पक्की खात्री होती.

मारोतराव सर निवृत्त झाले. त्यांच्या मागोमाग मीही उतरलो. पुढच्या भिंतीवर पांढरा चकचकीत फळा आला, त्याच्या वर पडदा आला आणि छताला प्रोजेक्टर लटकला. मला जिन्याखाली ठेवलं. किशनभाऊ शिपाई माझ्याआड आपली सायकल लपवायचे. स्नेहसंमेलन आलं की मला बाहेर काढायचे, माझ्यावर भजी, चहा आणि मिसळ असं लिहायचे आणि खाण्याच्या स्टॉलपुढं टेकवून ठेवायचे. ज्या अंगावर सरांनी सिद्धता लिहिल्या, त्या अंगावर भजी! वर कढईतलं तेलही उडायचं. मित्रांनो, मला भज्यांचा राग नाही. पण त्या दिवसांत मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

असाच पडून असताना एके दिवशी जिन्याखाली एक बाई वाकून आल्या. त्यांनी रुमालाने माझा कोपरा पुसला आणि बोटाने चाचपून ती गाठ शोधून काढली. गाठ सापडताच त्या एकदम हसल्या.

"किशनभाऊ, हा मारोतराव सरांचा फळा हाये ना? मले वर्गात पायजे."

या विजयमाला मॅडम. मारोतराव सरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून शिकलेल्या आणि आता त्याच कॉलेजात गणित शिकवायला आलेल्या. मी त्यांना ओळखलं नाही, याची मला लाज वाटली. पण शेवटच्या बाकावरचा चेहरा मला कधी नीट दिसलाच नव्हता.

"पुढं त पांढरा फळा हाये, मॅडम. हा कुठं लावता?" किशनभाऊंनी विचारलं.

"मांगच्या भितीवर."

"मांगच्या भितीवर कोन पाह्यते बाप्पा?" असं म्हणत किशनभाऊंनी सायकल बाजूला घेतली.

मला काळा रंग मिळाला आणि मी मागच्या भिंतीवर, दाराच्या शेजारी चढलो. बाजूच्या भिंतींवर आणखी तीन जुने फळे लागले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गाला सांगितलं, "उद्यापासून आपण थोडं वेगळं करू. मी छोटे छोटे व्हिडिओ केले आहेत. शिकवणं त्यात आहे, ते घरी पाहून यायचं. गणितं मात्र इथं सोडवायची, चार-पाच जणांनी मिळून, या फळ्यांवर. अडलं की मी आहेच."

मोठ्या शहरांत याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात म्हणे. आमच्या पोरांनी दुपारपर्यंत त्याचं बारसं करून टाकलं, उलटा तास!

मला मात्र ते फार लागलं. म्हणजे शिकवणार तो तळहाताएवढा मोबाईल, आणि मी इतका लांबरुंद सागवानी फळा, माझ्यावर पोरांनी नुसत्या रेघोट्या ओढायच्या? मी त्या मोबाईलांकडे बघायचंच नाही, असं ठरवलं. ते सगळीकडे होते, त्यामुळे हे ठरवणं फार काळ टिकलं नाही.

पहिले दिवस वाईट गेले. निम्म्या पोरांनी व्हिडिओ पाहिलेलाच नसायचा. खडू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचा, कुणाच्याच हातात टिकायचा नाही. मॅडम या गटातून त्या गटात फिरायच्या, पण उत्तर काही सांगायच्या नाहीत. उलट विचारायच्या, "तुला काय वाटतं?" पोरांना वाटायचं, आम्हाला वाटण्यासाठी का आम्ही कॉलेजात आलो?

मागच्या भिंतीवर असल्यामुळे जे पुढं कधी ऐकू येत नाही, ते सगळं माझ्या कानांवर पडायचं. एक जण म्हणायचा, "मले त बरं वाटते. व्हिडिओ थांबवता येते, मांगं नेता येते. सरायले कसं म्हनता, मांगं जा म्हनून?" त्यावर दुसरी म्हणायची, "थांबवता येते, पन त्याले इचारता येत नाई न." कुणी म्हणायचं घरी मोबाईल एकच आहे आणि तो भावाकडे असतो. सगळ्यांत जास्त चिडली होती संस्कृती. ती गावातलीच, वर्गात पहिली येणारी, वह्या अशा नीटनेटक्या की छापल्यासारख्या. तिने एकदा सरळ विचारलं, "मॅडम, शिकवायचं तुम्ही की आम्ही?"

हा प्रश्न घेऊन ती प्राचार्यांकडेही गेली. प्राचार्य इंद्रभान सर भला माणूस, विषय इतिहास. ते मॅडमना वर्गाबाहेर, म्हणजे माझ्या अगदी कानाशी म्हणाले, "मॅडम, पोरं नाराज आहेत. शनिवारी मी येऊन बसतो. पोरांनाच विचारू. त्यांनी नको म्हटलं, तर आपलं जुनं बरं." मॅडम "बरं, सर" एवढंच म्हणाल्या. माझ्या डोळ्यांपुढं जिना आला.

आता मंजूबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरं तर तिचीच आहे.

मंजू आसेगावकडच्या एका तांड्यावरून यायची. तिची जीप भरल्याशिवाय सुटत नसे, म्हणून ती धापा टाकत तासाच्या तोंडावरच पोचायची. गेल्या वर्षी ती गणितात नापास झालेली होती. वर्गात तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. तिच्या गटाला माझा फळा मिळाला होता. बाकीचे ऐसपैस लिहायचे आणि मंजूच्या वाट्याला उरायची ती उजव्या खालच्या कोपऱ्यातली जागा, गाठ असलेली. तिथं ती बारीक अक्षरात आपलं आपलं सोडवायची. गाठीवरून खडू उडायचा, अक्षर तुटायचं. ती अंगठ्याने पुसायची आणि पुन्हा लिहायची. मारोतराव सरांनी सुद्धा जी जागा सोडून दिली होती, ती त्या पोरीनं सोडली नाही. मला ती तेव्हापासूनच आवडू लागली.

तांड्यावर रेंज नसे. मंजू मधल्या सुट्टीत कॉलेजातच व्हिडिओ आपल्या भावाच्या, बादलच्या, मोबाईलवर उतरवून घ्यायची आणि घरी सावकाश पाहायची. एकदा समजलं नाही तर पुन्हा पाहायची. मॅडम तिला एक वाक्य कितीही वेळा सांगायला तयार होत्या, कारण मोबाईलमधल्या मॅडम कंटाळत नसत. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं, कारण लिहिताना ती पुटपुटायची.

त्याच आठवड्यात तास सुटल्यावर मंजू माझ्यापाशी रेंगाळली. मॅडम खडू गोळा करत होत्या.

"मॅडम, मी पुढच्या सोमवारपासून येनार नाई."

"काहून?"

"बा ऊसतोडीले जाऊन राह्यले. मलेबी नेतो म्हन्तेत, लहान्यायले सांभाळाले. गेल्या साली मी गणितात राह्यली. बा म्हन्तेत, औंदा त मॅडम शिकवत बी नाईत, मंग कायले थांबतं?"

मॅडमच्या हातातला खडू थांबला. "मी शिकवत नाही, हे त्यायले कोनं सांगतलं?"

मंजूनं मान खाली घातली. "म्याच. त्यायनं इचारलं, मॅडम काय शिकवतेत? म्या म्हनलं, मॅडम नाई शिकवत, आमीच सोडवतो."

मॅडम हसल्या खऱ्या, पण ते हसू लगेच मावळलं. गोळा केलेले खडू त्यांनी डबीत टाकले. मग म्हणाल्या, "शनिवारी त्यायले घेऊन ये. त्यायच्या डोयानं पाहू दे."

शनिवार आला. वर्ग आज कधी नव्हे इतका तयारीत दिसत होता. इंद्रभान सर पहिल्या बाकावर बसले. मंजू आली आणि तिच्या मागोमाग तिचे वडील, मदनसिंग. उंच माणूस, खांद्यावर रुमाल. किशनभाऊंनी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. दाराशी, माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांनी वर्गभर नजर फिरवली आणि पुढं कुणी शिकवत नाही, हे पाहून ओठ घट्ट मिटले.

मॅडमनी पांढऱ्या फळ्यावर गणित दिलं. मित्रांनो, शाळेत तुम्ही बेरजेचा वर्ग शिकला असाल. अ अधिक ब, कंसाचा वर्ग. उत्तर तोंडपाठ, अ वर्ग, अधिक दोन अब, अधिक ब वर्ग. मात्र इथले अ आणि ब साधे आकडे नव्हते. आकडे चौकोनात मांडून केलेले संच होते, त्यांना मॅट्रिक्स म्हणतात. मॅट्रिक्सची बेरीज करताना कोण आधी आणि कोण नंतर, याने काही बिघडत नाही. गुणाकार करताना बिघडतं. त्यामुळे ते तोंडपाठ सूत्र इथं चालत नाही. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढची गंमत कळेल.

खडू धडाधड चालले. चारही फळे पाहता पाहता भरले आणि चारही फळ्यांवर एकच उत्तर आलं. अ वर्ग, अधिक दोन अब, अधिक ब वर्ग. अगदी ओळीला ओळ सारखी!

"वा! चारही बरोबर," इंद्रभान सर खूश होऊन म्हणाले.

मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना चूक दिसली होती. त्या वळल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांना पटलं?"

"हो!"

"कुणालाच शंका नाही?"

पोरांनी नकारार्थी माना हलवल्या. माझ्या कोपऱ्यात मात्र मंजू खडू हातात घट्ट धरून उभी होती. तिच्या गटातल्या पोरांनी बघितलंही नव्हतं, पण गाठीपाशी तिनं बारीक अक्षरात वेगळंच काही मांडलं होतं. तिला बोलायचं होतं. पण बोलली असती, तर साऱ्या वर्गाचं गणित प्राचार्यांसमोर चुकलेलं दिसलं असतं, आणि मग उलटा तास गेलाच म्हणून समजा. नसती बोलली, तर बापाला दाराशी उभं राहून दिसणार होतं ते एवढंच, की आपली पोरगी कोपऱ्यात उभी राहते. तिनं दाराशी उभ्या बापाकडे पाहिलं. खडूचं टोक अजून माझ्यावर टेकलेलं होतं.

"मॅडम, हे चुकलं हाये."

आवाज लहान होता, पण सगळ्यांनी माना वळवल्या. सगळा वर्ग मागच्या भिंतीकडे बघू लागला. माझ्याकडे!

"कोणतं चुकलं?" मॅडमनी विचारलं.

"चारही."

हशा पिकला. मंजूनं तो ऐकून घेतला आणि तळहाताने माझ्यावरचं ते मोठं उत्तर पुसून टाकलं. मग पूर्ण फळाभर, ऐसपैस, दोन चौकोन काढले. आकडे साधेच घेतले, शून्य आणि एक. आधी अ गुणिले ब केलं, मग ब गुणिले अ. पहिल्यात दोनाचा आकडा वरच्या डाव्या कोपऱ्यात आला, दुसऱ्यात खालच्या उजव्या. दोन्ही उत्तरं वेगळी. खालचं लिहिताना खडू गाठीवरून उडाला, तिनं न थांबता पुन्हा गिरवलं.

कामरगावहून बसने येणारा गोलू मात्र ऐकायला तयार नव्हता. तो वर्गातला बोलका. "मंजू, गुनाकार म्हन्जे गुनाकार! तीन पंचे पंधरा, पाच त्रिक पंधरा. फरक काहून पडन?"

मंजू त्याच्याकडे वळली. आता तिचा आवाज मोठा झाला होता. "गोल्या, आकड्यायचं सोड. तुमच्या वावरात आधी वखरतेत अन् मंग पेरतेत, का आधी पेरतेत अन् मंग वखरतेत?"

"आधी वखरतेत, माती मोकळी करतेत, मंग पेरतेत. हे काय इचारनं झालं?"

"अन् उलटं केलं त?"

"बी पुरं उकरून वर येईन न बाप्पा!"

"कामं तेच दोन हायेत ना? मांगंपुढं केलं त पीक हातचं जाते. हे चौकोन बी तसेच हायेत. कोनता आधी अन् कोनता नंतर, ते पाहा लागते. म्हनून दोन अब नाई लिहू शकत. अब येगळं लिहा लागते अन् बअ येगळं."

मग पुढच्या बाकांवर कुणीतरी "अरे हो!" म्हणालं, मग बाजूला कुणीतरी, आणि पाहता पाहता बाकीच्या तिन्ही फळ्यांवर पुसापुशी सुरू झाली. माझ्यावर मात्र पुसायला काही नव्हतं. माझ्यावरचं बरोबर होतं. मारोतराव सरांच्या काळात माझ्यावर हजार बरोबर उत्तरं लिहिली गेली असतील, पण इतकं फुशारून जावं असं मला त्यांतल्या एकाही वेळी वाटलं नव्हतं.

"पण चारही गटांची चूक एकसारखी कशी?" मॅडमनी विचारलं.

गोलू उठला. कान धरायचेच बाकी ठेवले होते त्याने. "मॅडम, काल माही पाळी होती."

"कसली पाळी?"

मग सगळं बाहेर आलं. आमच्या भागात सामाईक विहिरीवर भावकीत मोटारीची पाळी असते. आज याने पाणी घ्यायचं, उद्या त्याने. गोलूच्या पुढाकारानं पोरांनी व्हिडिओची तशीच पाळी लावली होती. रोज एकाने आपल्या डेटावर व्हिडिओ पाहायचा आणि सकाळी कॉलेजच्या फाटकाजवळ चहाच्या टपरीवर बाकीच्यांना समजावून सांगायचा. मंजूची जीप उशिरा येई, म्हणून ती या पाळीत नव्हतीच.

"अर्धा व्हिडिओ पाह्यला अन् डेटा संपला," गोलू म्हणाला. "बेरजेपर्यंत पाह्यला होता. गुनाकाराचं म्या अंदाजानं सांगतलं. म्हनलं, बेरजेसारखंच असन."

इंद्रभान सरांची भुवई वर गेली. "म्हणजे मॅडम, पोरं व्हिडिओ पाहतच नाहीत?"

हीच ती वेळ होती. मला जिन्याखालचा सायकलच्या तेलाचा वास येऊ लागला.

"पाहतो एकच, सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण रोज सकाळी टपरीवर एक जण साऱ्या वर्गाला गणित शिकवतो. मी सांगितलेलं नसताना. सर, मी याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे. मला वाटायचं, मारोतराव सरांना कधी अडत नाही, आपल्यालाच अडतं, म्हणजे गणित आपलं नाही. आज अख्ख्या वर्गाला एकदम अडलं आणि सगळ्यांना ते दिसलं. एकीने ते सोडवलं, तेही दिसलं. आणखी काय हवं होतं मला?"

मित्रांनो, माझं गुपित मॅडमना माहीत होतं! मला वाटत होतं, सरांच्या आठ्या फक्त मीच पाहिल्या आहेत. पण त्या आठ्या न दिसल्याचं दुःख कुणाला तरी इतकी वर्षं सलत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सरांनी पोरांकडे पाहिलं. "मग, चालू ठेवायचं का बंद करायचं? तुम्हीच सांगा."

सगळ्यांनी संस्कृतीकडे पाहिलं. ती उठली आणि मनात होतं ते बोलली. "सर, तक्रार मीच केली होती. मला अजूनही यातलं सगळं आवडत नाही. व्हिडिओला प्रश्न विचारता येत नाही. तासाच्या सुरुवातीला मॅडमनी थोडा वेळ तरी बोलायला हवं. पण सर, आज मीही चुकीचंच लिहिलं होतं. मॅडमनी फळ्यावर लिहून दिलं असतं, तर मी ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं असतं. मला समजलं नाही, हे मला कळलंच नसतं. म्हणून बंद नका करू."

मला ती मुलगी तोवर आवडत नव्हती. त्या दिवसापासून आवडते. सरांनी ठरवलं, की उलटा तास चालू राहील, सुरुवातीला मॅडम थोडा वेळ शंका घेतील आणि सकाळी ग्रंथालयातलं वायफाय लवकर सुरू होईल. गोलूनं पाळीचा कारभार जाहीरपणे सोडला. तो सोडला असं तो म्हणतो. टपरीवर अजूनही तोच शिकवत असतो, फक्त आता पूर्ण व्हिडिओ पाहून.

या गडबडीत मदनसिंगांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते माझ्यासमोर आले आणि त्या दोन चौकोनांकडे बराच वेळ बघत राहिले. मंजू बाजूला उभी होती, खडूने माखलेले हात ओढणीत लपवून.

"हे चौकोन काही मले समजले नाई," ते म्हणाले. "पन वखरनं-पेरनं समजलं." मग मॅडमकडे वळून त्यांनी हात जोडले. "मॅडम, मले वाटलं तुमी काम चुकवून राह्यल्या. तुमी त पोरायले कामाले लावून राह्यल्या!"

मग ते मंजूशी आपल्या तांड्याच्या बोलीत काही बोलले. मला ती बोली येत नाही. पण शेवटी जाता जाता ते आमच्या बोलीत म्हणाले, ते मी नीट ऐकलं. बहुतेक मॅडमनाही ऐकू जावं म्हणूनच ते तसं बोलले असावेत. "टोळी सोमवारी निघते. लहान्यायले आमी सांभाळू. तू आजीपाशी राहाय. शेजारच्या नानीबाईले म्या सांगतो, पोरगी अभ्यास करत असन त तिले हाक मारू नको म्हनून."

मंजू हसली. खडूचे हात तिनं ओढणीतून बाहेर काढले.

यानंतरचं थोडंच आहे. हिवाळी परीक्षेत मंजू उत्तीर्ण झाली, मागं राहिलेलं गणितही सुटलं. आता तिच्या गटात ती कोपऱ्यात उभी नसते. गाठीची जागा मात्र ती अजूनही सोडत नाही. तिचं बघून बाकीचेही तिथं लिहू लागले आहेत.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कॉलेजात एखाद्या जिन्याखाली किंवा अडगळीत माझा कुणी भाऊबंद पडला असेल, तर त्याला एकदा बाहेर काढा. ओल्या फडक्याने पुसा, काळ्या रंगाचा हात द्या आणि जिथं जागा मिळेल तिथं लावा. मागची भिंत असली तरी चालेल. आणि खडू मात्र रोज त्याच त्या हुशार मुलाच्या हातात देऊ नका. जो कोपऱ्यात उभा असतो, त्याच्याही हाती द्या. तो चुकला, तर हसा, हरकत नाही. पण त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

आणि जाता जाता माझ्या अभिमानाची शेवटची गोष्ट. मॅडमनी मंजूला तो धडा पुन्हा समजावून सांगायला लावला, माझ्यापुढं उभं करून, आणि गोलूनं तो मोबाईलवर टिपला. आता दुसऱ्या तुकडीतली पोरं घरी तोच व्हिडिओ पाहून येतात. ज्या मोबाईलांकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, त्या सगळ्यांत आता मी आहे. परवा मंजू मैत्रिणीला सांगत होती, की तिकडं उसाच्या फडावर काम सुटलं की तिचे बा मुकादमाचा मोबाईल मागून घेतात आणि टोळीतल्या सगळ्यांना गोळा करून तो व्हिडिओ लावतात. चौकोन आले की म्हणतात, हे सोडा, हे आपल्याले नाई समजत. वखरण्या-पेरण्याचं आलं, की सगळ्यांना गप्प करतात आणि म्हणतात, "आता आइका. हे माही पोरगी शिकवून राह्यली."

त्या व्हिडिओत तिच्या मागं जे काळं दिसतं ना, तो मी.